‘आम्ही दोघे’ आणि ‘आपण दोघे’ : मराठी गद्यातील एका रात्रीच्या मुक्कामाचा शोध

१

प्रवासवर्णन हा मराठीत चांगला रुजलेला वाङ्मयप्रकार आहे. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हापासून अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि मीना प्रभु यांचे ‘माझं लंडन’ अशी या प्रकाराची ठळक स्थानके सांगता येतात. वसंत सावंत यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचा स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून विचारही केला आहे. या सगळ्या विचारात एक गृहीत मात्र फारसे तपासले गेलेले नाही. प्रवास जितका दूरचा, जितका अपरिचित प्रदेशाचा आणि जितका दीर्घ, तितका तो लिहिण्याजोगा, हे ते गृहीत होय. अंतर, नावीन्य आणि माहिती या तीन निकषांवर आपण प्रवासवर्णनाची प्रतवारी करीत आलो आहोत.

या निकषांत न बसणारा एक प्रवास आहे. पती-पत्नीने, अथवा पती-पत्नी होऊ पाहणाऱ्या दोघांनी, जवळच्याच शहरी जावे, एक रात्र राहावे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतावे. त्यात अंतर नाही, कारण शहर शेजारचेच आहे. नावीन्य नाही, कारण ते बहुधा पूर्वी पाहिलेले असते. माहिती तर मुळीच नाही. हा लेख जयपूरच्या आदर्श नगरात लिहिला जात आहे आणि येथे असा प्रवास दर आठवड्याला दोन्ही दिशांनी होताना दिसतो. दिल्लीहून शनिवारी जयपूरला आलेली जोडपी रविवारी परततात. जयपूरची जोडपी सुमारे १३५ किलोमीटरवरच्या अजमेरला आणि तेथून डोंगरापलीकडच्या पुष्करला जाऊन येतात. मुंबईकरांचे लोणावळा-पुणे, नागपूरकरांचे रामटेक-पचमढी, कोल्हापूरकरांचे पणजी ही याचीच रूपे आहेत. मध्यमवर्गीय आयुष्यात इतक्या सर्रास आढळणाऱ्या या अनुभवाला मराठी गद्यात स्थान कोणते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथमदर्शनी हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु हा प्रवास प्रदेशाविषयी काही सांगत नसल्यामुळेच प्रवाशांविषयी पुष्कळ सांगू शकतो. पाहण्यासारखे नवे काही नसताना दोन माणसे बरोबर असतात, तेव्हा त्यांच्यातील नाते हाच त्या प्रवासाचा विषय उरतो. तो विषय मराठी गद्याने कसा हाताळला अथवा टाळला, हे पाहिल्यास आपल्या साहित्यातील दांपत्यकल्पनेवर काही प्रकाश पडेल.

२

आरंभ शब्दांपासून करणे इष्ट. या प्रवासाला मराठीत स्वतःचे नाव नाही. ‘सहल’ या शब्दाला शाळेचा वास आहे. तीत शिक्षक असतात, डबे असतात आणि रांग असते. ‘हवापालट’ हा शब्द वैद्याच्या शिफारशीने येतो. कोणीतरी आजारी असल्याखेरीज हवा पालटण्याचे कारण जुन्या घरांत मान्य होत नसे. ‘मधुचंद्र’ हे इंग्रजी शब्दाचे शब्दशः भाषांतर असून तो आयुष्यात एकदाच आणि लग्नाला लागूनच यावा अशी अपेक्षा असते. ‘यात्रा’ पुण्याशी जोडलेली, ‘फिरती’ नोकरीशी, आणि ‘बाहेरगावी जाणे’ कोणत्या तरी कामाशी. म्हणजे ज्या ज्या शब्दाने घर सोडण्याची परवानगी मिळते, त्या शब्दात त्या परवानगीचे कारणही दडलेले असते. विनाकारण, केवळ दोघांनी, एका रात्रीपुरते जाणे यासाठी शब्द घडला नाही. अलीकडे त्यासाठी ‘वीकएंड’ हा इंग्रजी शब्द तसाच घेण्यात आला.

याला जवळचा असा एक शब्द मात्र भाषेत आहे आणि तो अर्थपूर्ण आहे. तो म्हणजे ‘मुक्काम’. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मराठीत दुहेरी संसार चालतो. पत्त्यावर आपण ‘मु. पो.’ लिहितो तेव्हा मुक्काम म्हणजे कायमचे राहण्याचे ठिकाण. ‘आज मुक्काम कुठे?’ असे विचारतो तेव्हा मुक्काम म्हणजे एका रात्रीची वस्ती. खेड्यात रात्री थांबून पहाटे सुटणारी एसटी ही ‘मुक्कामी गाडी’ असते. घर आणि घराबाहेरची रात्र या दोहोंना भाषेने एकच शब्द दिला आहे. प्रस्तुत प्रवासाचा गाभा हाच आहे, कारण परक्या खोलीत एका रात्रीपुरते घर मांडून पाहणे हे त्यात घडत असते.

याच्या उलट टोकाला ‘लॉज’ हा शब्द आहे. इंग्रजीत निरुपद्रवी असलेल्या या शब्दाला मराठी बोलण्यात, विशेषतः जोडप्याच्या संदर्भात, संशयाची छटा चिकटली आहे. कुलदैवताच्या गावी भक्तनिवासात उतरलेले जोडपे आणि शेजारच्या गल्लीत लॉजवर उतरलेले जोडपे यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीतला फरक हा खोलीतला फरक नव्हे. एका ठिकाणी कारण सांगितले गेले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते सांगितले गेलेले नाही, एवढाच तो फरक आहे.

३

कारण सांगून केलेल्या जोडीच्या प्रवासाला महाराष्ट्रात जुनी प्रतिष्ठा आहे. लग्नानंतर नवदांपत्याने जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला जावे, नवऱ्याने बायकोला उचलून गडाच्या काही पायऱ्या चढाव्यात, ही प्रथा आजही पाळली जाते. पुण्याहून जेजुरी सुमारे ५० किलोमीटर. चारचौघांत स्पर्शही न करणाऱ्या समाजात पतीने पत्नीला सर्वांदेखत उचलून घ्यावे, एवढी मोकळीक येथे देवाच्या साक्षीने दिली जाते. नाते उघड होते, पण ते विधीच्या भाषेत. त्या क्षणी त्या दोघांनी काय अनुभवले याला विधीत जागा नसते आणि म्हणून त्याचे वर्णनही सहसा सापडत नाही.

दुसरे सकारण रूप नोकरीचे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात दांपत्याचा प्रवास मोठी जागा व्यापतो. १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांविषयीच्या कायद्याच्या अंमलबजावणीचे काम न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे आले. तो कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांना लागू होता व त्यानिमित्त त्यांना सतत फिरतीवर राहावे लागे. रमाबाई बरोबर असत. एका गावचा मुक्काम उठवून दुसऱ्या गावी नेणे, स्वयंपाक, माणसे, वाचन हे सारे त्या फिरत्या संसारात चाले. एकत्र कुटुंबातील सासुरवाशिणीला घरात जे दुर्मीळ होते, ते पतीचे सान्निध्य तिला फिरतीवर लाभत होते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा तिच्या शिक्षणाला असलेला विरोधही तेथे पोहोचत नव्हता. सरकारी कामाच्या आडोशाने मिळालेला हा मोकळेपणा मराठी गद्यातील जोडीच्या मुक्कामाचे पहिले महत्त्वाचे चित्र मानावे लागेल.

परंतु या चित्रातील नाते कोणत्या भाषेत सांगितले आहे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. रमाबाई पतीचे नाव घेत नाहीत. त्यांचा निर्देश त्या ‘स्वतः’ या शब्दाने करतात. व्याकरणात ‘स्वतः’ हा शब्द बोलणाऱ्याकडेच वळावा अशी सोय आहे. येथे तो दुसऱ्याकडे वळतो आणि त्याचे नाव झाकतो. स्वतःच्या आठवणी सांगणाऱ्या स्त्रीच्या लेखनात ‘स्वतः’ म्हणजे पती, ही त्या काळच्या दांपत्यभाषेची मर्यादा तर आहेच; शिवाय एका विलक्षण एकरूपतेची ती अभावित कबुलीही आहे. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या आणि पतीकडूनच अक्षरओळख झालेल्या स्त्रीचे ‘स्व’ कोठे संपते आणि पतीचे कोठे सुरू होते, हे तिच्या सर्वनामांवरून ठरविणे कठीण जाते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४ पासून चार भागांत) हे चित्र पालटते. त्या पतीला सरळ ‘टिळक’ म्हणतात. तेथे प्रवासही निराळा आहे. नारायण वामन टिळक मनात येईल तेव्हा निघून जाणारे आणि लक्ष्मीबाई त्यांचा ठाव घेत मागे राहणाऱ्या. जोडीने केलेल्या मुक्कामांपेक्षा एकाच्या जाण्याने दुसरीच्या वाट्याला आलेल्या मुक्कामांचे ते पुस्तक आहे. तरीही ‘टिळक’ या संबोधनातील बरोबरी, थट्टा आणि राग यांमुळे वाचकाला दोन स्वतंत्र माणसे दिसतात. जोडीने राहण्यापूर्वी दोघे वेगळे असावे लागतात, ही गोष्ट मराठी गद्याने लक्ष्मीबाईंकडून शिकली असे म्हणता येईल.

४

कारणाशिवाय जाण्याची शक्यता मुळात वाहतुकीने निर्माण केली. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे हा प्रवास दिवसांवरून तासांवर आला. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आरंभी आठवड्याअखेरची गाडी म्हणून धावली, हा तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. शनिवार-रविवार नावाचा काळाचा तुकडा आणि तो घालविण्यासाठी घाटापलीकडचे शहर, ही जोडी आगगाडीने जुळवली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला, २०२३ मध्ये अजमेर-दिल्ली वंदे भारत गाडी जयपूरमार्गे धावू लागली. प्रत्येक टप्प्यावर ‘जवळचे शहर’ या संज्ञेचा परीघ वाढत गेला.

वाहन मिळाले तरी परवानगीचा प्रश्न राहिलाच. त्याचे सर्वांत स्वच्छ चित्रण ललित गद्याआधी चित्रपटात आढळते. राजदत्त यांचा पहिला चित्रपट ‘मधुचंद्र’ (१९६७) आणि राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०) ही दोन नावे येथे घेतली पाहिजेत. दुसऱ्यात चाळीतल्या अपुऱ्या जागेत भरल्या कुटुंबात आलेली नवी सून आणि तिचा नवरा यांना एकांत मिळत नाही, एवढाच पेच आहे. बासू चटर्जी यांनी ‘पिया का घर’ (१९७२) या नावाने त्याचे हिंदी रूपांतर केले. अजमेरला जन्मलेल्या या दिग्दर्शकाने त्यापूर्वी राजेंद्र यादव यांच्या कादंबरीवरून ‘सारा आकाश’ (१९६९) केला होता आणि त्यातही एकत्र कुटुंबात एकमेकांपासून दुरावलेले नवविवाहित दांपत्यच होते. म्हणजे हा पेच मराठी चाळीपुरता नव्हता. आग्र्याच्या गल्लीतही तो तसाच होता.

या चित्रपटांची एक वाङ्मयीन मर्यादा नोंदवायला हवी. त्यांत एकांताची ओढ विनोदाचा विषय होते. पडद्याआड कुजबुजणारे जोडपे, अवेळी दार ठोठावणारा नातेवाईक, मध्येच जागी होणारी आजी ही त्यातील ठरलेली सामग्री. प्रेक्षक हसतो आणि त्या हसण्यातच कुटुंबाची बाजू घेतो. जोडप्याचे बाहेर जाणे ही पळवाट ठरते. पळणारा मनुष्य हास्यास्पद असतो आणि पळून जाण्यात अखेरीस परत येण्याची शरणागती असते. एक रात्र बाहेर काढणे ही दोघांची स्वायत्त इच्छा असू शकते, ही कल्पना या विनोदाला पेलत नाही. चि. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंपासून मराठी विनोदाने कुटुंबवत्सल माणसाचे घर नेहमी माणसांनी भरलेले ठेवले. त्या भरलेपणात आपुलकी आहे हे खरे. पण चिमणराव आणि काऊ यांनी गुंड्याभाऊला घरी ठेवून एक रात्र कोठे जाण्याची कल्पनाही त्या विश्वात बसत नाही, हेही तितकेच खरे.

५

आता या लेखातील मध्यवर्ती मुद्द्याकडे वळता येईल. मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावून घेतला जातो. ‘आम्ही पुण्याला गेलो’ हे वाक्य तिसऱ्या माणसाला सांगितलेले असते. ‘आपण पुण्याला जाऊ’ हे वाक्य बरोबर येणाऱ्यालाच उद्देशून असते. प्रमाण हिंदीतील ‘हम’मध्ये हा भेद नाही. राजस्थानीत तो आहे. ‘म्हे’ आणि ‘आपां’ हे तेथील ‘आम्ही’ आणि ‘आपण’. जयपूरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची घराबाहेरची भाषा हिंदी असली, तरी आसपासच्या जुन्या बोलीत हा भेद त्यांना भेटतो.

या व्याकरणिक भेदाचा वाङ्मयीन परिणाम मोठा आहे. प्रवासवर्णन हे स्वभावतःच ‘आम्ही’चे वाङ्मय आहे, कारण त्याचा वाचक प्रवासात नव्हता. दांपत्याचा प्रवास लिहिला जाताच त्यातला ‘आपण’ मावळतो आणि ‘आम्ही’ उगवतो. दोघांत जे बोलले गेले ते तिसऱ्याला सांगितलेले वृत्त बनते. शिवाय लिहिणारा एकच असल्यामुळे ‘आम्ही’मधला दुसरा हळूहळू ‘ही’ अथवा ‘हे’ होतो. नवरा लिहीत असेल तर बायको सामान बांधणारी, किमती विचारणारी, फोटोत उभी राहणारी अशी विनोदाची सोय बनते. बायको लिहीत असेल तर नवरा आदरार्थी सर्वनामाच्या मागे अदृश्य होतो.

रमाबाईंच्या पुस्तकाच्या शीर्षकातील ‘आमच्या’ या शब्दाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. रानडे १९०१ मध्ये निवर्तले आणि पुस्तक १९१० मध्ये आले. ज्याच्याशी ‘आपल्या आयुष्यातील’ असे म्हणता आले असते, तो ऐकणारा उरला नव्हता. उरला तो वाचक. त्या ‘आमच्या’मध्ये वैधव्याचे सगळे एकाकीपण सामावले आहे. ‘आम्ही’ हे येथे बहुवचन असूनही त्यातील बोलणारी व्यक्ती एकटी आहे.

‘आपण’ या शब्दाचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. जुन्या नाटकांतील पत्नी पतीला ‘आपण’ म्हणते तेव्हा तो आदरार्थी द्वितीय पुरुष असतो. ‘आपण यावे’, ‘आपण बसावे’. त्यात अंतर आहे. आजच्या संभाषणातील पत्नी ‘आपण जाऊ या’ म्हणते तेव्हा तोच शब्द दोघांना एकत्र बांधतो. एकाच शब्दाने आदराच्या अंतरापासून सहभागाच्या जवळिकीपर्यंत केलेला हा प्रवास म्हणजे मराठी दांपत्यजीवनाच्या शंभर-सव्वाशे वर्षांचा संक्षिप्त इतिहास मानता येईल. एका रात्रीच्या मुक्कामाचे वाङ्मयीन महत्त्व याच ठिकाणी आहे. हा प्रवास ‘आपण’मध्ये ठरतो, ‘आपण’मध्ये घडतो आणि त्याला सांगण्यासारखे काही नसल्यामुळे बहुधा ‘आम्ही’पर्यंत पोहोचतच नाही.

एकाच सहजीवनातून निघालेल्या दोन पुस्तकांची तुलना हा मुद्दा स्पष्ट करील. ‘अपूर्वाई’ हा पु. ल. देशपांडे यांनी सुनीताबाईंसह केलेल्या युरोपप्रवासाचा वृत्तान्त आहे. त्याने मराठी प्रवासवर्णनाला प्रसन्न, खेळकर वळण दिले. तीस वर्षांनी सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) आले. त्यात पतीचा उल्लेख ‘भाई’ असा घरगुती नावाने होतो, आणि एका लोकप्रिय माणसाच्या सहवासात चालू असलेल्या अदृश्य श्रमांचा, व्यवस्थांचा, तडजोडींचा निःसंकोच हिशेब मांडला जातो. पहिल्या पुस्तकाचा विषय देश हा आहे, दुसऱ्याचा सहवास. पहिले पुस्तक वाचून आपल्याला युरोप आठवते. दुसरे वाचल्यावर पहिल्यातील ‘आम्ही’ कोणाच्या कष्टांवर उभा असावा, असा प्रश्न पडतो. प्रवासवर्णनाची समीक्षा या दोन पुस्तकांना निरनिराळ्या कप्प्यांत, प्रवासवर्णन आणि आत्मकथन अशा, ठेवीत आली. ती शेजारी ठेवून वाचली म्हणजेच दांपत्याचा प्रवास दोन्ही बाजूंनी दिसतो.

‘स्वतः’, ‘टिळक’, ‘भाई’ या तीन संबोधनांतून दुसऱ्याला नाव देण्याचे धैर्य वाढत गेलेले दिसते. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) आणि ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’ (१९८५) या पुस्तकांतील स्त्रियांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्या दूर जातात, परदेशी राहतात, नात्याबाहेरून नात्याकडे पाहतात. मात्र या धैर्यालाही अंतर लागले. नाते तपासण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. शेजारच्या शहरातली एक रात्र पुरेशी ठरली नाही. दूरच्या प्रवासालाच मोल देणारी आपली सवय बंडखोर कथेतही टिकून राहिली, असे यावरून म्हणावे लागते.

६

शेजारचे शहर आणि दोन माणसे हा विषय मराठीत लोकप्रिय झाला तो सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) या चित्रपटाने. मुंबईची मुलगी स्थळ नाकारायला पुण्यात येते, एका अनोळखी मुलाबरोबर दिवसभर शहरात हिंडते, आणि तो मुलगा हेच ते स्थळ होते असे शेवटी उलगडते. पटकथेचा बहुतेक सारा भार दोघांच्या बोलण्यावर आहे. दोन्ही शहरांच्या जुन्या चेष्टा त्यात आहेत. पण त्या चेष्टांच्या आडून दोघे आपले पूर्वीचे मनोभंग एकमेकांना सांगतात. मराठी प्रेमकथेत दोन माणसांना इतका वेळ केवळ बोलण्यासाठी क्वचितच मिळाला असेल. चित्रपटाच्या यशाचे मर्म त्यात आहे.

परंतु या प्रवासाच्या रचनेकडे पाहिल्यास दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, येथे दिवस आहे, मुक्काम नाही. अविवाहित दोघांना मराठी लोकप्रिय कल्पनेने सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा अवधी दिला आणि रात्र राखून ठेवली. दुसरी, ज्या भेटीत दोघे स्वतंत्र बुद्धीने एकमेकांना निवडतात असे वाटते, ती भेट घरच्यांनी योजलेल्या स्थळाशीच जाऊन मिळते. स्वातंत्र्याचा आनंद आणि परंपरेची संमती ही दोन्ही एकाच तिकिटात मिळावीत, अशी ही योजना आहे. तिची गोडी मान्य करूनही असे म्हणावे लागेल की तिने अवघड प्रश्न टाळला. घरच्यांनी जो दाखविलाच नसता, जो जातीबाहेरचा अथवा धर्माबाहेरचा असता, त्याच्याबरोबर हा दिवस कसा संपला असता? त्या दोघांना शेजारच्या शहरात खोली कोणी दिली असती? जानेवारी २०२५ मध्ये ओयो या कंपनीने मेरठपासून सुरुवात करून अविवाहित जोडप्यांकडून नात्याचा पुरावा मागण्याची मुभा आपल्या भागीदार हॉटेलांना दिली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा वर्तमानपत्रांत आला. साहित्यात मात्र तो अजून यायचा आहे.

७

या विषयाची आणखी एक बाजू पाहिल्याशिवाय विवेचन एकांगी राहील. एका रात्रीसाठी बाहेर जाण्याला मागे कुलूप लावता येईल असे घर लागते आणि परतण्याची खात्री लागते. ज्या वस्तीत हा लेख लिहिला जात आहे, तिचा इतिहासच या खात्रीच्या अभावाचा आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी आदर्श नगर वसवले. मुलतानहून आलेल्या दिगंबर जैन समाजाचे मंदिर येथे आहे. याच जयपूरहून अठराव्या शतकात पंडित टोडरमल यांनी मुलतानच्या साधर्मी बंधूंना अध्यात्मविषयक पत्र लिहिले होते. ‘रहस्यपूर्ण चिठ्ठी’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. पत्र ज्या गावी गेले, त्या गावचे लोक दोनशे वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याच्या शहरात आले, ते कायमचे. त्या पिढीतील जोडप्यांनीही घर सोडून रात्री काढल्या होत्या. पण त्यांच्या प्रवासात ‘मुक्काम’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी हरवले होते.

राजस्थानच्या लोकपरंपरेतही जोडीने जाणे दुर्मीळ, एकाने जाणे नित्याचे. विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या कथेत लग्नाची वरात घेऊन येणारा व्यापारीपुत्र दुसऱ्याच दिवशी व्यापारासाठी दूरदेशी जातो. वाटेत झाडाखाली थांबलेल्या वरातीतील नववधूवर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरात येते. मणी कौल यांनी १९७३ मध्ये तीवर चित्रपट केला. नवऱ्याजवळ वधूसाठी वेळ नाही आणि भुताजवळ तो आहे, एवढ्या साध्या रचनेतून ती कथा दांपत्याच्या सहवासाचा प्रश्न थेट विचारते. पती-पत्नी म्हणून एकत्र असणे आणि एकमेकांच्या सहवासात असणे यांतील फरक मराठी कथेने क्वचितच इतक्या निर्भीडपणे मांडला आहे.

महाराष्ट्रात आजही जोडीनेच सर्वाधिक प्रवास करणारा एक वर्ग आहे आणि तो आपल्या प्रवासवर्णनात नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो जोडपी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. मुकादम उचल देतो ती जोडीला; आणि नवरा-बायको मिळून होणाऱ्या त्या एककाला ‘कोयता’ म्हणतात. दांपत्यासाठी मराठीने घडविलेल्या शब्दांत हा सर्वांत कठोर शब्द म्हणावा लागेल. तेथे दोघे बरोबर असतात, पालात बरोबर राहतात, फडात बरोबर राबतात. परंतु त्या सोबतीत विसाव्याचा एकही तास त्यांच्या मालकीचा नसतो. एका रात्रीच्या मोकळ्या मुक्कामाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी आणि त्याला केवळ चैन समजणाऱ्यांनी हा शब्द समोर ठेवावा. दोन माणसांना कामाविना, कारणाविना एकमेकांसाठी मिळालेली रात्र ही किती जणांच्या वाट्याला येते, हा प्रश्न अभिरुचीचा जितका आहे तितकाच सामाजिक न्यायाचाही आहे.

घरात राहणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीच्या बाबतीतही ही रात्र पूर्णपणे मोकळी असते असे नाही. जाण्याआधी मुलांची सोय, वृद्धांची औषधे, दूधवाल्याला निरोप, परतल्यावरची भाजी हे सारे बहुधा तिनेच योजलेले असते. तिच्या दृष्टीने प्रवास घर सोडताना सुरू होत नाही; तो दोन दिवस आधी स्वयंपाकघरात सुरू झालेला असतो. या पूर्वतयारीचे वर्णन नसलेला वृत्तान्त अपुरा मानला पाहिजे.

८

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती लागतात. मराठी गद्यातील दांपत्याचा प्रवास प्रामुख्याने तीन रूपांत आढळतो. पहिले सकारण रूप जेजुरीच्या पायऱ्यांवर आणि रानड्यांच्या फिरतीत दिसते. दुसरे पळवाटेचे रूप चाळीतील विनोदात दिसते. तिसरे चाचणीचे रूप एका दिवसाच्या प्रेमकथेत दिसते. पहिल्यात नात्याला देवाची वा सरकारची, दुसऱ्यात हशाची आणि तिसऱ्यात घरच्यांच्या संमतीची ओट लागते. दोन प्रौढ माणसांनी कोणाचीही ओट न घेता शेजारच्या शहरी काढलेली रात्र हे चौथे रूप असून ते जीवनात प्रचलित आणि लेखनात विरळ आहे.

या विरळपणाला लेखकांइतकीच समीक्षाही कारणीभूत आहे. अंतर, नावीन्य आणि माहिती या निकषांनी तिने जे मोजले, तेच लिहिले गेले. त्यांच्या जोडीला आणखी एक निकष स्वीकारावा, असे येथे सुचवावेसे वाटते. प्रवास सांगणाऱ्याच्या ‘आम्ही’मध्ये दुसऱ्या माणसाचा आवाज किती ऐकू येतो, तो माणूस केवळ सोबतीला आहे की त्याला स्वतःचे म्हणणे आहे, हे तपासावे. ‘आपण’ म्हणून निघालेल्या दोघांपैकी लिहिणाऱ्याने ‘आम्ही’ म्हणताना दुसऱ्याचे काय काय वगळले, हे विचारावे. या निकषावर अनेक मोठे प्रवास लहान ठरतील आणि आत्मकथनांत, पत्रांत, कादंबऱ्यांच्या कडेला पडलेली मुक्कामांची काही पाने मोलाची ठरतील. ती पाने शोधून एकत्र वाचणे हे काम यापुढील अभ्यासकांनी हाती घ्यावे. ते करताना ‘कोयता’ या शब्दात बांधलेल्या जोडप्यांनाही त्या वाचनाबाहेर ठेवता येणार नाही.